जोडीदाराचा रकाना

कंपनीत मी पुष्कळ वाद हरले आहे, त्यांचं मला काही वाटत नाही. एक वाद मात्र मी जिंकले, आणि त्याची आठवण झाली की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

आमची कंपनी सहकारी साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. ऑफिस पुण्यात आहे, मी परळीत खोली घेऊन तिथून काम करते. इथल्या औष्णिक वीज केंद्राची राख खिडकी लावली तरी आत येते. सकाळी लॅपटॉप उघडला की आधी फडक्यानं पुसायचा आणि मग लॉगिन करायचं. पुण्यातली मंडळी मीटिंगमध्ये विचारतात, तुझ्या कॅमेऱ्यात धुकं का दिसतं. मी आता सांगणं सोडून दिलंय.

त्या वर्षी आमच्याकडे एक काम आलं. आपल्या बीडची माणसं ज्या भागात ऊस तोडायला जातात, तिकडच्या चार कारखान्यांनी मिळून ठरवलं की तोडणी मजुरांची नोंद आता कॉम्प्युटरवर करायची. प्रत्येकाला कार्ड द्यायचं. कार्डावर कोपी मिळेल, म्हणजे फडाशेजारी राहायला पाचटाची झोपडी. त्याच कार्डावर टाकीचं पाणी, त्याच कार्डावर दवाखाना. ज्याच्याकडे कार्ड नाही, त्याला ट्रकवर घ्यायचं नाही. हे काम माझ्याकडे आलं, कारण अख्ख्या कंपनीत ऊसतोड्याच्या घरातली मी एकटी. माझं बालपण चौथीपर्यंत कोपीत गेलं, पुढचं हंगामी वसतिगृहात.

वाद झाला तो नोंद कशी ठेवायची यावर. आमच्यात एक नवा मुलगा होता, नागपूरचा, शांत. तो म्हणाला, दर माणसाची वेगळी नोंद ठेवू आणि नवरा-बायको असतील तर दोन नोंदी जोडू. साधी गोष्ट होती. मी हसले. सगळ्यांसमोर हसले. म्हटलं, तू ऊस पाहिलास तो रसवंतीवर. आमच्याकडे माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. टोळी किती कोयत्यांची, असं विचारतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून ट्रकमध्ये भरते. कोयता हीच एक नोंद. त्यात प्रमुखाचं नाव आणि जोडीदाराचं नाव, बस्स.

मॅनेजर खूश झाला. याला म्हणतात जमिनीवरचं ज्ञान, असं काहीतरी बोलला. नागपूरच्या मुलानं मान डोलावली आणि वहीत काहीतरी खोडलं.

मी हे काही मनचं बोलले नव्हते. आमच्या धंद्यात शिकवतात की आधी वापरणाऱ्याला विचारा, मग बांधा. मी विचारलं होतं. आईला विचारलं होतं, जिनं बावीस हंगाम ऊस तोडला. कोयता कुणाच्या नावावर लिहितात म्हणून विचारलं, तर ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "तुझ्या बापाच्या. अजून कुणाच्या?" मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. आता वाटतं, आई मला काय खरं आहे ते सांगत नव्हती, लोक काय लिहितात ते सांगत होती. आणि मी तर शिकलेली, दोन्हींतला फरक मला कळायला हवा होता. पण मला घाई होती आणि उत्तर माझ्या सोयीचं होतं.

अर्धा कोयता असतो, हे मला ठाऊक होतं. आमच्या प्रत्येक टोळीत असायचा. नवरा मेलेली, नवऱ्यानं टाकलेली, नाहीतर बायको आजारी म्हणून एकटाच आलेला. त्याला अर्धा कोयता म्हणतात. आई त्याबद्दल बोलली नाही, कारण अर्धा कोयता ही नशिबाची गोष्ट, ती कुणी कागदावर मांडायची वस्तू समजत नाही. मीही समजले नाही. ही चूक पुण्यातल्या कुणाकडून झाली नसती. ती व्हायला ऊसतोड्याच्याच घरात जन्मावं लागतं.

तर फॉर्म तयार झाला. प्रमुखाचं नाव, आधार, अंगठा, फोटो. जोडीदाराचं नाव, आधार, अंगठा, फोटो. सगळ्यांपुढे लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पुढं सरकायचंच नाही. ती चांदणी मीच दिली. आधीच्या एका कामात कारखान्याचे कारकून निम्मे रकाने कोरे सोडायचे आणि तक्रारी माझ्याकडे यायच्या, म्हणून मी वैतागले होते. म्हटलं, कोरं सोडायची सोयच ठेवू नका. मॅनेजरला हेही आवडलं. त्याच्याकडे दर आठवड्याला एक तक्ता असतो, कुणी किती तक्रारी मिटवल्या, किती रकाने पूर्ण भरले गेले, कुणाचं काम किती झालं. पूर्ण भरलेल्या फॉर्मांचा आकडा पाहिला की त्याला जेवण गोड लागतं.

सहकारावर मला एरवीही राग आहे, तो इथंच सांगून टाकते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये माणसांचे प्रकार निवडायची एक यादी होती. सभासद, संचालक, कर्मचारी, वाहतूकदार आणि इतर. ज्याच्या मालकीचा ऊस तो सभासद. त्याला सभेत खुर्ची आणि दिवाळीला साखर. जो तो ऊस तोडतो, तो 'इतर'. मी याबद्दल एकदा बोलले होते, तर कारखान्याच्या साहेबांनी हसून सांगितलं की मजूर मुकादमाचे, आमचे नव्हेत. मी ती यादी तशीच ठेवली. पगार घेतला.

दसऱ्याच्या चार दिवस आधी दिंद्रुडला नोंदणीचं शिबिर होतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आमच्याकडे असं गावोगाव पाठवत नाहीत, काम बुडतं म्हणे. पण मदतीला जाणारा माणूस तापानं पडला आणि मी जवळ होते, म्हणून मला धाडलं. तोवर माझा फॉर्म मी फक्त माझ्या स्क्रीनवर पाहिला होता, त्यात मीच घातलेली खोटी नावं पटापट भरली जात.

बाजारतळाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये टेबलं मांडली होती. त्या वर्षी विहिरी गणपतीतच तळाला गेलेल्या. टँकर आठवड्यातून एकदा, तोही आला तर. गावात कापसाची बोटभर झाडं वाळून उभी होती, तेव्हा एरवी न जाणारी माणसंही टोळीत नाव द्यायला आली होती. शेडबाहेर रांग रस्त्यापर्यंत गेलेली.

पहिला घोळ अंगठ्याचा. कोयता धरून धरून या माणसांच्या बोटांवर रेषा उरत नाहीत. मशीन नको म्हणायचं. हात ओला केला, पुसला की कधीकधी घेतं. पण हात ओला करायला पाणी कुठून आणायचं? लोक जिभेवर अंगठा फिरवून मशीनवर ठेवायला लागले. मशीनची काच दर पाच माणसांनी पुसावी लागे. पुण्याच्या मीटिंगमध्ये आम्ही बटणाचा रंग निळा की हिरवा यावर पाऊण तास बोललो होतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि उंटावर मी पण होते.

दुसरा घोळ अकरा वाजता सुरू झाला. एक बाई एकटी आली. प्रमुखाचं नाव भरलं, अंगठा कसाबसा लागला, आणि जोडीदाराच्या रकान्यावर फॉर्म अडला. ती म्हणाली मालक गेले, दोन वर्षं झाली. मी रकान्यात रेघ टाकली, घेत नाही. शून्य टाकलं, घेत नाही. घेणार कसं, मीच तसं लिहिलेलं. मग दुसरी आली, तिला नवऱ्यानं सोडलेलं. मग एक म्हातारा एकटा. माझ्या शेजारी टोळीचा मुकादम बसला होता, पन्नाशीचा, पांढरी टोपी, तोंडात सुपारी. त्यानं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "ताई, तुमच्या मशीनला जोडीच पायजे ना? मंग जोडी देऊ की. त्यात काय एवढं."

आणि त्यानं जोड्या लावायला सुरुवात केली. वधू-वर मेळाव्यात लावतात तशा, पण मिनिटात. ही विधवा आणि तो म्हातारा, एक कोयता. ती टाकलेली आणि हा बायको घरी ठेवून निघालेला, एक कोयता. माणसं कसनुसं हसत, मान खाली घालत, अंगठा देत. फॉर्मला काहीच हरकत नव्हती. सगळे रकाने भरलेले, आधार खरे, अंगठे खरे, फक्त मजकूर खोटा. कार्ड छापून येत होतं, दोन फोटो शेजारी शेजारी. मुकादमाचा यात काही वाईट हेतू नव्हता. त्याला दसऱ्यानंतर ट्रक भरायचा होता. सक्तीच्या रकान्यात माणूस खरं लिहीत नाही, जे चालेल ते लिहितो, एवढी अक्कल त्याला माझ्याआधी होती.

मी काय केलं? काही नाही. रांग मोठी होती. मनाशी म्हटलं, नंतर दुरुस्त करू.

मग आक्का आली. आक्का म्हणजे आमच्या गावची, आईच्या टोळीतली. आई फडात असली की मला झोळीत टाकून हलवायची ती हीच. तिचा नवरा मागच्या वर्षी गेला. तो गेल्यावर दिरानं तेरावा होऊ दिला आणि चौदाव्या दिवशी तिचा पेटारा बाहेर ठेवला. शेत सामायिक, सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं नव्हतं. तेव्हापासून ती रानात पत्र्याच्या खोलीत एकटी राही. मूलबाळ नाही. गावात प्यायला पाणी नाही, हाताला काम नाही, आणि घर म्हणावं तर ते असं. टोळीत जाणं तिला भाग होतं. मी आईकरवी दोनदा सांगून पाहिलं होतं की मी महिन्याला काहीतरी देते, जाऊ नको. तिनं उलट निरोप पाठवला की हातपाय चालतायत तोवर पोरीनं मला भीक घालू नये.

मला टेबलावर बघून तिला आनंद झाला. तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मग मुकादमानं कागद पाहिला आणि म्हणाला, बरं झालं, तुझा दीर सकाळपासून अडकून पडलाय. त्याची बायको यंदा जनावरांपाशी राहणार, तो एकटाच येतोय. दिराचं नाव टाकतो, घरातलाच माणूस, कुणी बोट दाखवणार नाही.

आक्काचा चेहरा बदलला. ती आवाज न चढवता बोलली.

"ज्यानं मला घरातून काढलं, त्याची बायकू व्हऊ का मी आता? कागदावर बी न्हाई."

मुकादम म्हणाला कागदच आहे, कागदानं काय होतं. पण कागदानं काय होतं ते मला माहीत होतं, कारण ते मीच लिहिलं होतं. एका कोयत्याला एक कोपी. कार्ड दाखवलं की कोपीचा एक नंबर मिळतो, पाण्याचा एक पास मिळतो. कागदावर ती दिराची जोडीदार झाली असती, तर पाच महिने तिला त्याच्याच कोपीत जागा होती, दुसरीकडे कुठेच नाही. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली मग मी ट्रकवर चढत नाही. आणि न चढून ती राहणार कुठं आणि पिणार काय, ते आम्हा दोघींनाही दिसत होतं.

मी शेडमागं जाऊन मॅनेजरला फोन लावला. सगळं सांगितलं. तो नीट ऐकणारा माणूस आहे, हीच त्याची पंचाईत. ऐकून घेतो आणि मग तेच म्हणतो. त्यानं विचारलं असे किती टक्के लोक असतील. मी म्हटलं मोजता येणार नाहीत, कारण तुमच्या यादीत ते सगळे जोडीनं बसलेत. तो म्हणाला, हा अपवाद आहे, अपवादासाठी चालू हंगामात मुळाला हात लावायचा नसतो, दिवाळीनंतरच्या आवृत्तीत घेऊ, तू तिकीट टाक, म्हणजे कामांच्या यादीत नोंद राहील. मी म्हटलं ट्रक दसरा झाला की जाणार आहे. तो म्हणाला, तोपर्यंत तिथली माणसं काहीतरी मार्ग काढतायत ना? मग झालं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसरं काय. मी फोन ठेवला.

मग मी कुणाला न विचारता चालत्या सर्व्हरवर हात घातला. फोनचं इंटरनेट, झाडाखाली खुर्ची, मांडीवर लॅपटॉप. चांदणी काढणं एका ओळीचं काम, पण कार्ड छापणारा भाग दोन फोटो मागायचा, कोपी वाटणारा भाग जोडी मागायचा. एक दुरुस्त केलं की दुसरं फुटायचं. मध्येच माझ्या चुकीनं चारही कारखान्यांची नोंदणी पाऊण तास बंद पडली. शेडमध्ये आरडाओरडा सुरू झाला, मुकादम बाहेर येऊन म्हणाला ताई तुमी काय करायलात. पुण्याहून फोनवर फोन येत होते, मी घेतले नाहीत. घाईत केलेलं काम, चाचणी नाही, दुसऱ्यानं तपासलेलं नाही. मी कुणा नवशिक्याला असं करताना पाहिलं असतं तर त्याची सालटी काढली असती. पण झालं. फॉर्म पुढं सरकला.

आक्काच्या अंगठ्यासाठी मी माझ्या बाटलीतलं पाणी वापरलं, तिसऱ्या वेळी लागला. कार्ड आलं. एक फोटो, एक नाव. तिला वाचता येत नाही, तिनं मला वाचायला लावलं, मग दुसऱ्यांदा लावलं. आधीच्या लोकांच्या जोड्या मोडून घेऊ, असं मी मुकादमाला म्हटलं, पण तो म्हणाला आता त्यांना पुन्हा गावाहून कोण बोलावणार. ते सगळे तसेच गेले.

संध्याकाळी कंपनीनं माझा बदल मागं घेतला. फॉर्म होता तसा झाला. चालत्या सर्व्हरला हात लावायचा माझा अधिकार काढला आणि एक महिना मला तक्रारींच्या फोनवर बसवलं. पत्रात लिहिलं होतं की मी शिस्त मोडली आणि माहितीची विश्वासार्हता धोक्यात आणली. विश्वासार्हता! त्या एका दिवसात माझ्या डोळ्यांसमोर कित्येक खोटी लग्नं नोंदली गेली, त्यावर कुणी एक अक्षर लिहिलं नाही, कारण सगळे रकाने भरलेले होते. धोका काय तो त्या एका कोऱ्या रकान्याचा.

पण मला समाधान होतं. नोंद तर झाली, कार्ड तर हातात पडलं. दसऱ्यानंतर ट्रक निघाला तेव्हा आक्का वर बोचक्यावर बसली होती, कार्ड कमरेच्या पिशवीत. आईनं तिला शेंगांची चटणी बांधून दिली.

शिबिरानंतर दहा दिवसांनी सकाळी तक्रारीचा फोन वाजला. कारखान्याचा कारकून होता, भला माणूस. म्हणाला, मॅडम, टोळी आली आहे, कोप्या वाटतोय, पण एका बाईचं कार्ड लावलं की 'नोंद अपूर्ण' येतंय आणि नंबर सुटत नाही. मी लगेच ओळखलं. जुना फॉर्म परत आला तेव्हा जुना नियमही परत आला होता, जोडीदार नाही म्हणजे नोंद अपूर्ण. कार्ड खरं, आणि त्यामागची नोंद अर्धी.

कारकून म्हणाला, मुकादम इथंच आहेत, बाईंच्या दिराची नोंदही त्याच दिवशीची, एकट्याची, म्हणून तीही अपूर्ण आहे, दोन्ही जोडल्या तर लगेच होतंय, जोडू का? मी म्हटलं नको. थांबा. मॅनेजरला लावला, त्यानं उचलला नाही. नागपूरच्या मुलाला लावला, तो म्हणाला करता आलं असतं, पण त्यालाही परवानगी लागेल, दुपारपर्यंत बघतो. मी कारकुनाला सांगितलं की तिला कागदावर लिहून एक कोपी द्या, मी नंतर दुरुस्त करते. तो अजिजीनं म्हणाला, कागदावर आता काही चालत नाही मॅडम, तुमचंच सॉफ्टवेअर आहे.

तेवढ्यात फोन आक्कानं घेतला. आसपास गलका होता.

"टाक बाई, काय टाकायचं ते. रांग थांबलीय माझ्यापायी. मागं लेकुरवाळ्या बाया उन्हात उभ्या हायत."

मी विचारलं, "आक्का, झोपशील कुठं?"

"बघन कुठं तरी," ती म्हणाली, आणि फोन परत दिला.

कारकुनानं पुन्हा विचारलं, टाकू का. मी हो म्हणाले. त्याच्या बटणांचा आवाज मला ऐकू आला. मग झालं म्हणाला, आभार मानले. त्या तक्रारीपुढे 'निकाली' अशी खूण पडली, मिटवणारी म्हणून माझं नाव. आठवड्याच्या तक्त्यात सगळ्यात लवकर मिटवलेल्या तक्रारींमध्ये ती होती. मॅनेजरनं मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं, म्हणजे माझ्यावरचा राग गेला होता.

दिवाळीनंतरची आवृत्ती ठरल्याप्रमाणे आली. जोडीदाराच्या रकान्याची चांदणी निघाली, शेजारी 'एकटा / एकटी' अशी चौकट आली. काम नागपूरच्या मुलानं केलं, नीट, तपासून, एकही गोष्ट न फुटता. जुनी नोंद बदलायचीही सोय त्यात होती. कारखान्यांना हे समजावून सांगायचं पत्रक मी लिहिलं. मॅनेजरनं एका कार्यक्रमात मोठ्या पडद्यावर ती चौकट दाखवली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तोवर माझ्यापुढे दुसरी पन्नास तिकिटं होती.

दुष्काळामुळं ऊस लवकर संपला, टोळ्या माघातच परत आल्या. मी गावी गेले तेव्हा आक्का आमच्या ओसरीवर आईसोबत तुरी निवडत होती. वाळली होती. आईनंच सांगितलं की कोपी दिरानं वापरली, पाण्याचा पास त्याच्याकडे, आणि हिला रोज कुणाच्या ना कुणाच्या चुलीपाशी पडावं लागलं. पावसाचे दोन दिवस ट्रकखाली काढले. पाणी उसनं मागून भरलं. आक्का मध्येच म्हणाली, जाऊ दे माय, गेलं ते. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून मी घाईनं सांगितलं की आता ते सगळं दुरुस्त झालंय. आता एकटी बाई तिच्या एकटीच्या नावावर नोंद करू शकते, कोपीही तिची तिला मिळते.

"कवा झालं दुरुस्त?"

"दिवाळी झाली, त्याच आठवड्यात," मी म्हणाले. थोडा अभिमानही असेल माझ्या आवाजात.

तिनं सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. मग माझ्याकडं पाहिलं. तिला राग आलेला नव्हता, तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"मंग मला तवा कावून न्हाई सांगितलं?"

कारखान्याचा नंबर माझ्याकडे होता. कारकून ओळखीचा होता. तिची नोंद मला पाठ होती. एक फोन केला असता तर पुढचे तीन महिने ती स्वतःच्या कोपीत, स्वतःच्या चुलीपाशी झोपली असती. आई पण माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, "ध्यानात राहिलं न्हाई, आक्का." ते खरं नव्हतं. तिची तक्रार निकाली निघाली होती, म्हणून माझ्या लेखी ती संपली होती.